बेटम्याची तितरं

२० एप्रिल, रविवार
आज शहराबाहेर, बेटम्याच्या पुढे, गहू कापलेल्या शेतात तितराची मादी बघितली. पिल्लांसकट! चष्मा गाडीत राहिला होता, पण मला अनुभव आहे. तपकिरी काहीतरी बांधावरून गेलं, मागून छोटं-छोटं तपकिरी. दुसरं काय असणार? पक्ष्यांच्या ग्रुपवर लगेच टाकलं : ‘मादी, सहा पिल्लं.’ सहा हा आकडा बरोबर वाटला.
रजतने फोटो मागितला. हा नाशिकहून इथे नोकरीला आलेला, हाताएवढी लेन्स गळ्यात. म्हणालो, भिया, काही गोष्टी डोळ्यांनी बघायच्या असतात.

२१ एप्रिल
क्षितिजाचा फोन! दिवाळीनंतर पहिल्यांदाच स्वतःहून. डेहराडूनला ती जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवरच पीएच.डी. करते. ग्रुपवर वाचलं म्हणाली. कुठे, केव्हा, पिल्लं केवढी, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मे महिन्यात दोन दिवस येते म्हणाली. बापलेकीचं इतकं लांब बोलणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.
बायकोने, सुलोचनाने, विचारलं, नक्की काय दिसलं होतं? तिला फील्डचा काही अंदाज नाही.

२७ एप्रिल, रविवार
प्रॅक्टिस म्हणून पुन्हा गेलो. वाटेत पोहे-जलेबी, त्यामुळे पोचायला नऊ वाजले. पक्षी पहाटे फिरतात, हे मला माहीत आहे. तितर दिसलं नाही. एक मुंगूस आणि त्याची पिल्लं मात्र त्याच बांधावरून गेली. रंग साधारण तोच. योगायोग.
निश्चय : पुढच्या रविवारी साडेचारला उठायचं.

४ मे, रविवार
साडेचारला उठलो. अलार्म बंद करायला. शनिवारी सांवेर रोडला फॅक्टरीत स्टॉक-चेकिंग होतं, शरीर म्हणजे काही मशीन नाही.
दुपारी राजवाड्याच्या बाजारातून हिरव्या ठिपक्यांची टोपी आणली. संध्याकाळी गॅलरीत मोबाइलवर तितराचा आवाज लावून सराव केला. वरच्या मजल्यावरून निरोप आला की बच्चा सो रहा है.

११ मे, रविवार
आज पहाटे गेलो. खरोखर पहाटे.
शेत काळं पडलंय. सगळं. शेतवाले गोपीनाथजी पटेल भेटले. म्हणाले, नरवाई जलवा दी, परसों. गव्हाची खुंटं जाळून टाकायची, म्हणजे नांगर लवकर फिरतो. तितरांची एक जोडी होती म्हणे, रोज सकाळी ओरडायची. अब नहीं सुनाई देती. चहा घ्या म्हणाले. घेतला.
एका अर्थी बरंच झालं. मोकळ्या जमिनीवर पक्षी लांबून दिसतो.
क्षितिजाला फोनवर नको सांगायला. तिकीट काढून झालंय. असल्या गोष्टी समोरासमोर सांगाव्यात.

१६ मे, शुक्रवार
आली. वाळली आहे. आईशी दुपारपर्यंत गप्पा. मला विचारलं, खुंटं किती उंच आहेत, जवळ पाणी आहे का. पाणी आहे, म्हणालो. खुंटांचं विचारलं तेव्हा सुलोचनाने जेवायला बोलावलं, म्हणून राहिलं.
रात्री सांगणार होतो. दमली होती. लवकर झोपली.

१७ मे, शनिवार
गाडी थांबली तशी ती उतरली. बांधावर उभी राहिली. मग आत गेली, पायाने राख सारत, वाकून बघत. मी टोपी घालून बांधावरच थांबलो. एकाने लक्ष ठेवावं लागतं.
परत आली ती हात ओंजळीसारखा धरून. आत अंडी. काळी, तडकलेली. बोटाने एक उलटवलं आणि म्हणाली, मादी उबवत होती, पिल्लं बाहेर यायची होती अजून.
मी म्हणालो, मग ही दुसरी मादी असणार.
‘‘बाबा, जाळल्याचं तुम्हाला माहीत होतं?’’
आत्ताच कळलं म्हणालो. मागच्या रविवारी म्हणजे तसं आत्ताच.
तिने अंडी कडेला मातीत ठेवली आणि वर ढेकूळ ठेवलं. परतताना बेटम्याला पोहे घेऊ म्हणालो. घेतले. तिने अर्धे टाकले. मी बराच वेळ तितरांबद्दल माहिती दिली. ती खिडकीबाहेर बघत होती. मुंगसाचं मात्र सांगितलं नाही. विषयाला धरून नव्हतं.

१८ मे, रविवार
स्टेशनवर तिला सोडायला मी एकटाच गेलो. सुलोचना म्हणाली, तुम्हीच जा, बोला तिच्याशी. बोललो. फलाटावरच्या पंख्यांबद्दल, गाडी वेळेवर असल्याबद्दल.
ती डब्याच्या दारात उभी होती. म्हणाली, ‘‘ती सहा पिल्लं मनाने कशाला काढलीत, बाबा? नुसतं ये म्हणाला असतात तरी आले असते.’’
मी तेच म्हणणार होतो. म्हणालो, मग पावसाळ्यात ये. तेव्हा मोरांची पिल्लं असतात.
ती म्हणाली, जुलैत जर्मनीला जातेय, तीन वर्षं. आईला सांगितलंय.
मी म्हणालो, अरे वा. तिकडेही तितरं असतात.
ती आत जाऊन बसली. गाडी हलली. उन्हाने काचा नुसत्या चमकत होत्या. एका खिडकीकडे बघून मी खूप वेळ हात हलवला. तिचीच असावी.