एक मीटर परत

मांदाल,
९ मार्च

प्रिय सोल्फ्रिड,

तुझं पत्र आणि सुकवलेला मासा, दोन्ही पोचलं. पार्सलाच्या वासाने पोस्टातली बाई माझ्याकडे अशी बघत होती की मीच काहीतरी दडवून नेतेय. तुझा कान कसा आहे? डॉक्टरकडे गेलीस, की अजून 'दुसरा धड आहे ना' असंच चाललंय? इकडे बर्फ वितळत आलंय, अंगणात चिखल आहे आणि मी बरी आहे. जरा जास्तच बरी आहे आणि त्यासाठीच हे पत्र.

आधीच एक सांगून ठेवते. हे शेवटपर्यंत वाच आणि वाचून झालं की मला लिहिणं बंद करू नकोस. कबूल असेल तरच पान उलट.

तर वीज.

हं, आता तू कपाळाला हात लावला असशील. तुला काय कळणार आमचं दुखणं? तुम्हा उत्तरेकडच्यांना वीज म्हणजे नळाचं पाणी. जानेवारीत तुझ्याकडे आले होते तेव्हा तू गॅरेजपासून दारापर्यंतची वाट तारांनी तापवून ठेवली होतीस, का, तर मांजराचे पाय गारठतात. मी मनातल्या मनात त्या तारांचं बिल मांडत होते. देश एक, राजा एक, आणि दर मात्र तुमचा वेगळा नि आमचा वेगळा. आमची वीज समुद्राखालच्या तारांनी परदेशी जाते आणि तिकडचे भाव आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतात.

म्हणून तर मी तासाचा दर घेतला होता. ज्या तासाला वीज स्वस्त, त्या तासाला जगायचं. वारा सुटला की कपडे धुवायचे, रविवारी दुपारी भाकऱ्या भाजून ठेवायच्या, संध्याकाळी भाव चढला की तुझ्या भावाचा, रायदारचा तो जाड लोकरी स्वेटर घालून दिव्याखाली बसायचं. तू हसायचीस, पण मला त्यात मजा यायची. पैसे वाचतात म्हणून तर होतीच, पण नुसती तेवढ्यासाठी नाही. ते पुढे सांगते.

भिंतीपलीकडच्या तोर्लाइफबद्दल मी तुला मधूनमधून लिहिलंय. शाळेत सुतारकाम शिकवायचा तो, आमच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एकटाच राहतो. त्याने ठरलेला दर घेतला होता. चोवीस तास एकच भाव, काय वाटेल ते करा. आणि करायचाही वाटेल ते. खिडकी उघडी, खाली हीटर चालू. तळघरात सौना, घाम काढायची ती तापवलेली खोली, दर शनिवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे भाव अगदी छपराला टेकलेला असतो तेव्हा. वर गावभर सांगत हिंडायचा, "ठरलेला दर घ्या, निवांत झोपा. माझं बिल बघा, आणि त्या ओड्नीचं बघा. बिचारी अंधारात बसते आणि माझ्या दुप्पट भरते." अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. कारण ते खरं होतं. मी हात जितका आखडता घ्यावा तितकं बिल फुगायचं.

तुझ्याकडे निघताना मी घरातलं सगळं बंद करून आले होते. पाण्याची टाकीसुद्धा. परत आल्यावर फोनमध्ये विजेचा तासातासाचा वापर बघितला, तर माझ्या बंद घरात कोणीतरी रोज सकाळी कॉफी करत होतं आणि दर शनिवारी सहाला घाम काढत होतं.

मी तशीच त्याच्या दारात गेले. भरदुपारी, अंगात कोट नाही, डोक्यात राख.

"तोर्लाइफ, तू माझी वीज चोरतोस."

"मी?" हातात पिठाचा चमचा घेऊन तो उभा होता. "मला कशाला चोरायला हवी? माझा दर ठरलेला आहे."

"शनिवारी सहाला कोण बसतं सौनात?"

"मी बसतो. पण माझ्या."

"बसतोस तुझ्यात आणि बिल येतं मला. तळघरातून वायर ओढली आहेस तू."

"ओड्नी," तो म्हणाला, "आत ये, बूट काढ, आणि मग मला चोर म्हण. फरशी आत्ताच पुसलीय."

मी बूट काढले. वायर शोधायला तळघरात गेले. सोल्फ्रिड, इतकं नीटनेटकं तळघर मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि वायर काही नव्हती. तेव्हा तोच म्हणाला, यात कुठेतरी पाणी मुरतंय, आपण मीटरलाच विचारू. आमचे दोन्ही मीटर बाहेरच्या भिंतीवर एकाच पेटीत आहेत. वीज जास्त ओढली की त्यावरचा बारका दिवा भराभर लुकलुकतो. मी माझ्या घरात जाऊन वॅफलचं यंत्र लावायचं आणि त्याने बाहेर उभं राहून दिवा बघायचा, असं ठरलं.

"लावलंस?" बाहेरून आवाज आला.

"लावलं."

"नक्की लावलंस?"

"नक्की. ओव्हनपण लावलाय."

बर्फात त्याचे बूट करकरले. मग तो म्हणाला, "ओड्नी, तुझा दिवा झोपलाय. माझा नाचतोय."

मीटर बदलायला जो कोणी आला होता, त्याने दोन घरांचे नंबर उलटे लिहून ठेवले होते. माझ्या नावावर त्याची वीज आणि त्याच्या नावावर माझी. इतकी वर्षं. म्हणजे बघ, मी वारा बघून धुतलेले कपडे त्याच्या ठरलेल्या दरात गेले, तिथे वाऱ्याला कोण विचारतो? आणि त्याचा शनिवारचा घाम ऐन महागाईच्या तासाला माझ्या बिलात निघाला. तो गावभर मिरवत होता ते बिल माझ्या काटकसरीचं होतं. आणि ज्या उधळपट्टीबद्दल मी त्याला नावं ठेवत होते, ती मीच पोसत होते.

मी मोजे घातलेल्या पायांनीच बाहेर धावले ते त्याला फैलावर घ्यायला. तर हा गृहस्थ पेटीखालच्या बर्फात बसून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाला, "म्हणजे मी अख्ख्या गावाला उपदेश केला तो तुझ्या अंधाराच्या जोरावर." आणि मग मीही हसले. पोट दुखेपर्यंत हसले. रायदार गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, पण आता राहू दे.

त्यानंतर आम्ही रोज भेटायला लागलो. आधी तक्रारीचं पत्र लिहायला, मग त्याचं उत्तर वाचायला, मग काहीच कारण नसताना. त्याची आई करायची तशी माशाची आमटी त्याला येते. मला त्याचा रेडिओ आवडत नाही. तो गप्प बसतो तेव्हा ते गप्प बसणं जड होत नाही. मी त्याला रायदारबद्दल सांगते आणि तो ऐकतो, विषय बदलत नाही.

वीज पोचवणाऱ्या कार्यालयाने सगळं निस्तरायचं कबूल केलं. गेल्या मंगळवारी तिथल्या मुलीचा फोन आला. माझ्याच स्वयंपाकघरात आम्ही दोघं होतो, फोन टेबलावर, आवाज मोठा. मुलगी गोड होती. हिशेब आम्ही जुळवून देऊ म्हणाली, आता फक्त दोन्ही मीटरना नव्याने दर निवडा, ठरलेला की तासाचा. मग सगळ्यांना विचारतात तसं तिने विचारलं, "तुम्ही दोघं एकाच घरात राहता का?"

आणि तोर्लाइफ म्हणाला, "अजून नाही."

माझा वॅफल यंत्रातच राहिला. काळा झाला. मी त्याच्याकडे बघितलं, तर मान वळवून खिडकीबाहेर बघत होता आणि कान लालबुंद.

"हॅलो?" ती मुलगी म्हणाली. "मग मी काय लिहू?"

"दोन मीटर कशाला हवेत?" तो खिडकीलाच म्हणाला. "एक परत देऊ. भिंतीत दार मी करतो. ओकचं."

"मला लग्नाचं विचारतोयस की मीटरचं?" मी म्हटलं.

"मीटर त्यातच आलं."

पलीकडे ती मुलगी श्वास रोखून बसली असणार, कारण टाइप करण्याचा आवाज थांबला होता. मी फोनजवळ जाऊन म्हटलं, "बाळ, लिही, विचार चालू आहे." ती म्हणाली तसा रकाना नाही, पण मी थांबते.

मग आम्ही भांडलो. लग्नावरून नाही, दरावरून. एक मीटर म्हणजे एकच दर. तो म्हणतो ठरलेलाच, त्याला या वयात भाव बघून नाहायचं नाही. मी म्हटलं तासाचाच. का, म्हणाला, तुला अंधारात बसायची हौस आहे? तेव्हा मी त्याला जे सांगितलं ते तुलाही कधी सांगितलं नव्हतं. रायदार गेला त्या हिवाळ्यात मला सकाळी उठायला काही कारणच उरलं नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुमाराला दुसऱ्या दिवसाचे दर जाहीर होतात, ते मी बघायला लागले. उद्या दहाला एवढा, अकराला एवढा. उद्या नावाची काहीतरी गोष्ट आहे आणि तिच्यात मला कपडे धुवायचे आहेत, एवढं त्यातून कळायचं. त्यावर मी दिवस काढले.

तोर्लाइफने तो काळा वॅफल यंत्रातून काढून टाकला. मग म्हणाला, "तासाचा घे. मी सौना हलवतो रविवारी दुपारी." ठरलेल्या दरावर इतकी भाषणं केलेला माणूस, सोल्फ्रिड. मी तिथेच हो म्हणणार होते.

पण म्हटलं नाही. म्हटलं, आधी हार्स्टाडहून सोल्फ्रिडचं पत्र येऊ दे.

परवानगी मागत नाही मी. या वयात कुणी मागत नाही आणि तू देण्याचं नाटकही केलं नसतंस. मला तो हवाय, हे मी सरळ सांगते. मला भीती आहे ती दुसरीच. रायदारला तू वाढवलंस, आई गेल्यावर त्याचे केस कापण्यापासून सगळं तू केलंस. त्याच्यामुळे तू माझी नणंद झालीस. आता मी दुसऱ्याच्या घरात दार पाडून शिरले, तर तू माझी कोण? माझ्या आयुष्यात मला नवरे दोन मिळतील, पण नणंद दुसरी नको. मला तुझी ही गिचमिड अक्षरांची पत्रं हवीत, आणि कित्येक आठवडे बुडालेला तुमचा सूर्य जानेवारीत परत उगवला की तुझ्या हातचे बन खायला यायचंय. तोर्लाइफला आणीन किंवा आणणार नाही, तू म्हणशील तसं.

फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच आहे. हे मला बोलता आलं नसतं.

पहिल्या ओळीत काय लिहावं याचा फार विचार करू नकोस, काहीही लिही. पण लिही.

अजूनतरी तुझी वहिनी,
ओड्नी


हार्स्टाड,
१७ मार्च

ओड्नी,

मांजराच्या पायांवर पुन्हा एक अक्षर लिहिलंस तर मासा मिळणार नाही, हे पहिलं.

तू काय समजतेस, मला कळलं नव्हतं? जानेवारीत तू परत गेल्यापासून तुझ्या पत्रांत विजेचे भाव कमी होत चाललेत आणि तोर्लाइफ वाढत चाललाय. फेब्रुवारीतल्या पत्रात तर त्याच्या माशाच्या आमटीवर अख्खं पान होतं. मी शेजारच्या बाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हिला सांगून टाका, म्हणजे हिलाही कळेल.

आता नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे. रायदारला पुरून तू दक्षिणेला परत गेलीस, तेव्हा मी मनाशी म्हटलं, संपलं. भाऊ गेला, आता त्याची बायको कशाला लिहील मला? माझं तिच्याशी आता काय नातं? पत्रपेटीकडे बघायचं सोडून दिलं होतं मी. मग एक दिवस तुझं पत्र आलं, चार पानं, सगळी पाण्याच्या टाकीबद्दल. मी ते उराशी धरून रडले, टाकीबद्दलचं पत्र. तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस की तुझी वहिनी राहू का म्हणून. राहिलीस. मग आता कशाला विचारतेस?

रायदारला तुझं हे मीटरचं प्रकरण कळलं असतं तर त्याने टेबलावर हात आपटून हसून घर डोक्यावर घेतलं असतं, हे तुलाही माहीत आहे.

दर कुठला घ्यायचा त्यावर खुशाल भांडत राहा. तेवढ्यावर संसार छान चालतो. पण त्या फोनवरच्या मुलीला ताबडतोब कळव, बिचारी खोळंबली असेल.

मे महिन्यात मी येते. कानाचं यंत्र घेऊन येते, म्हणजे हो म्हणतेस ते मला ऐकू येईल. आणि तोर्लाइफला एक विचार, त्याला बहीण आहे का. नसेल तर नणंदेची जागा रिकामी आहे, ती मी घेतली असं समज. असेल तर तिला कळव की जागा भरलेली आहे.

दोन्हीकडून तुझी नणंद,
सोल्फ्रिड