तीन फटके आणि एक श्वास

१ डिसेंबर, रविवार

आज एकशे वीस वेळा मोजलं. घसा बसला. दिशा म्हणते, "ताई, तू मोजत असलीस का हात आपोआप जातो गो. नाय मोजलंस तर अडतो." बरं वाटलं. मग लगेच भीतीही वाटली — स्पर्धेच्या दिवशी मी आजारी पडले तर?

रीत आमच्या वडिलांची, अण्णांचीच. भाताची पेंढी झोडायची तशी. तीनदा आपटायची, मग उलटायची, आणि उलटताना श्वास घ्यायचा. एक, दोन, तीन — हां! अण्णा तरुणपणी कल्याणला कंपनीत होते तेव्हा चार वर्षं बॉक्सिंग खेळले. त्यातलं जे आठवलं ते, आणि खळ्यावरचं हे, दोन्ही मिसळून त्यांनी दिशाला तयार केलं. तुसाने भरलेलं पोतं आंब्याला टांगलं. आठ वर्षं झाली. मारणारी दिशा, मोजणारी मी.

मोजायलाही अण्णांनीच शिकवलं. पावसाळ्यात ओढा भरला की किन्हवलीची शाळा गाठता यायची नाही. बाराखडी आणि पाढे मी घरीच शिकले, पेंढ्या रचता रचता. एक पेंढी चुकली की अण्णा सगळा भारा पुन्हा मोजायला लावत. रागाने नाही. पण लावत.

मुरबाडची स्पर्धा पुढच्या रविवारी. ती सरावासारखी. खरी परीक्षा ५ जानेवारीला — जिल्ह्याची निवड. वयाच्या हिशेबाने या गटातली दिशाची ही शेवटची.

५ डिसेंबर, गुरुवार

शेजारच्या गीताबाई आल्या होत्या. "पोरीचं नाक मोडलं मंजे कोन लगीन करील गो तिच्याशी?"

आई सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "अजून तरी ती दुसऱ्यांचीच मोडते."

दिशाला इतकं हसू आलं की तोंडातलं पाणी उडालं. नंतर त्याच गीताबाईंचं भाताचं पोतं एकटीने उचलून त्यांच्या घरात ठेवून आली. गीताबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. "माज्या घरात दोन बापये हायेत, पन..." पुढचं बोलल्या नाहीत!

जोर आहे हिच्यात. जोराची काळजी नाही मला. बाकी सगळ्याची आहे.

७ डिसेंबर, शनिवार

पिशवीत आधार कार्ड, जन्माचा दाखला, फोटो, हातपट्ट्या, दातांचं कव्हर. चारदा तपासलं. पाचव्यांदा उघडली तेव्हा आई म्हणाली, "आता पिशवी फाटंल."

८ डिसेंबर, रविवार

हरली.

नीट लिहिते. लिहिलं तर कळेल.

स्पर्धा स्थानिक, त्यामुळे रिंगच्या कोपऱ्यात घरचं माणूस चालत होतं. अण्णांना गुडघ्यामुळे पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मी. अण्णा माझ्या मागेच, पहिल्या खुर्चीवर. नियम असा की राउंड चालू असताना कोपऱ्यातून बोलायचं नाही. बाकीचे सगळे ओरडत होते. मी नाही ओरडले.

समोर अनिता. मुरबाडकडचीच. उंच, काटकुळी, हात दोरीसारखे. वजन तेवढंच, पण दिशासमोर अगदी वाऱ्याने हलेल अशी दिसत होती.

पहिला राउंड दिशाचाच. तीन फटके — श्वास. तीन फटके — श्वास. मी तोंड मिटून मोजत होते. अनिता एकदा दोरांवर गेली, रेफ्रींनी थांबवून आठपर्यंत मोजलं. मागून अण्णा "हां!" म्हणाले तेवढं ऐकू आलं.

दुसऱ्या राउंडला अनिता वेगळी उभी राहिली. आधी डावा पाय पुढे होता, आता उजवा. मला वाटलं घाबरून मागे सरतेय. दिशाचे तीन फटके तिने हातांवर घेतले, मान खाली घालून. आणि दिशाने श्वास घेतला त्या क्षणाला आत आली. एकच मारला. बाहेर गेली. पुन्हा तसंच. पुन्हा. पुन्हा. मोठा फटका एकही नाही. पण दिशाच्या नाकातून रक्त आलं.

मधल्या मिनिटात मी पाणी दिलं, नाक पुसलं. म्हणाले, "छान चाललंय. तेच कर, जोरात कर."

तिसऱ्याला दिशा चिडून धावली. तर अनिताने तेही सोडलं! आत येणंच बंद केलं. नुसती बाजूला व्हायची. दिशाचा सगळा जोर हवेत. एकदा तर स्वतःच्याच फटक्याने दोरांवर जाऊन आदळली. लोक हसले. ते हसणं अजून कानात आहे.

पाचांतल्या चार पंचांनी निकाल अनिताला दिला.

नंतर ती स्वतःहून दिशाकडे आली. हात धरून म्हणाली, "तुजा हात लय जड हाय बाय. पयल्या राउंडला वाटलं, संपलं माजं."

"मंग?" दिशाने विचारलं.

"मंग काय. मार खाल्ला तवा समजलं कुटं उभं ऱ्हायाचं नाय."

वाईट मुलगी असती तर बरं झालं असतं.

शहापूरला एसटीतून उतरताना अण्णा म्हणाले, "जोर कमी पडला. उद्यापासून दोनशे."

९ डिसेंबर, सोमवार

दोनशे मोजले.

११ डिसेंबर, बुधवार

मावसभाऊ दीपेशने मोबाइलवर लढत घेतली होती, ती पाठवली. पेन्सिल घेऊन बसले. दुसऱ्या राउंडमध्ये दिशाने एकतीस वेळा फटके मारले. एकतीसच्या एकतीस वेळा तीन. एकदाही दोनवर थांबली नाही, एकदाही चौथा मारला नाही. आणि श्वासाच्या जागी अनिता चौदा वेळा आत आली.

मी इतकं सारखं मोजलंय आठ वर्षं, की तिचा हात माझ्या मोजण्यासारखाच झालाय. कुठे रिकामी जागा आहे ते कुणीही ओळखावं. पोतं श्वासाच्या वेळी आत येत नाही. पेंढी उलटून मारत नाही. आमच्या खळ्यावर समोर कुणी नव्हतंच कधी!

आत्ता कळलं. तिथेच कळलं असतं तर!

१२ डिसेंबर, गुरुवार

कालचं शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे.

तिथेच कळलं होतं. दुसऱ्या राउंडच्या अर्ध्यातच. अनिता तिसऱ्यांदा आत आली तेव्हाच. मोजणारी मी — मला नाही कळणार तर कुणाला?

आणि मग एक पूर्ण मिनिट होतं. 'दोनवर थांब' म्हणायला किती वेळ लागतो? अगदी तोंडाशी आलं होतं. पण मागे अण्णा होते. त्यांना ऐकू गेलं असतं. मी कधी हातात ग्लोव्हज घातलेले नाहीत. मी चूक असले तर? दिशा माझ्यामुळे हरली असती. आणि बरोबर असले तर — मग अण्णांनी आठ वर्षं काय शिकवलं?

म्हणून 'तेच कर, जोरात कर' म्हणाले. तिच्या नाकातून रक्त येत असताना.

नियम पाळला म्हणून ओरडले नाही, हे मी स्वतःला सांगत होते. मधल्या मिनिटाला तर कुठलाच नियम नव्हता.

आज पुन्हा दोनशे. प्रत्येक तीनला लाज वाटली.

१४ डिसेंबर, शनिवार

दिशाला सांगून टाकलं. विहिरीवर ती हातपट्ट्या धूत होती. मी सगळं एका दमात बोलले, तिच्याकडे न बघता.

ती म्हणाली, "माहितेय."

"काय माहितेय?"

"ती श्वासाला आत येती ते. नाक कोनाचं फुटलं? तुजं का माजं?"

मला हसावं की रडावं कळेना. "मग बदललं का नाहीस?"

तिने पट्टी पिळली. मग म्हणाली, "अण्णा बघत व्हते. चौथा मारला असता तर म्हनले असते, ताल चुकला. आन तू पन आलीस आन तेच कर म्हनलीस. मंग मला वाटलं, मलाच उगाच दिसतंय."

मी तिथेच पायरीवर बसले.

म्हणजे अनिताला जे दिसलं ते दिशालाही दिसलं होतं. दिशा काही कमी हुशार नाही. पण अनिताला दिसलं आणि तिने पाय बदलला, कुणाला विचारायला गेली नाही. दिशाने माझ्याकडे बघितलं. आणि मी मागे बघितलं.

"रडू नको गो," दिशा म्हणाली. "तुला कोनी बुक्की पन नाय मारली." आणि ओली पट्टी माझ्या अंगावर फेकली.

५ जानेवारीला अनिताही येणार. वजनही तेच. बावीस दिवस.

१५ डिसेंबर, रविवार

अण्णांना आज सांगायचंच, असं ठरवलं. चहा नेऊन दिला. भाकरी दिली. परत चहा दिला. उशी नीट केली. आई म्हणाली, "त्यांना काय आज पावना समजलीस काय?"

नाही सांगितलं.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी चाळिसाव्याला एक, दोन — आणि पुढे काही येईना. दिशाचा हात अडला. पोतं हलत राहिलं. मी पोत्याकडेच बघत म्हटलं, "अण्णा, जोर कमी नव्हता पडला."

अण्णा ओट्यावर होते. म्हणाले, "मलापन दिसलं व्हतं. दुसऱ्या राउंडला. खुर्चीवरनं उटलो पन व्हतो. मंग बसलो." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "वाटलं, तुमी दोगी म्हनाल, आट वरसं बापाने चुकीचं शिकवलं."

दिशाने माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे.

ते गुडघा धरत ओट्यावरून उतरले, पोत्याजवळ येऊन उभे राहिले, आणि मला म्हणाले, "आता तू सांग गो. मला पन सांग."