विमान, पाने आणि मुकेशचा मागचा हूक

मी, सुनिल काकड्या धोडी, वय २४, राहणार झरी, ता. तलासरी, सध्या कच्छात टॉवर लाइनच्या कामावर. सहावीपर्यंत शिकलो. डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, कोणी जबरदस्ती केलेली नाही. उद्या परत टॉवरवर चढायचंय, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. झरीच्या घरातला माझा वाटा आई हिराबाईचा. जमना आत्याला काही नाही. ती मला उडाणटप्पू म्हणते, म्हणू दे.

२. नट आवळायचे पाने, हातमोजे माझ्याच टोळीतल्या संदीपला. माझा वर चढायचा पट्टा कोणालाच देऊ नका.

३. कॉम्प्युटर, त्यातला विमानाचा खेळ आणि ते चालवायचा दांडा बहीण प्रगतीला. ती बोर्डीला बारावीत आहे. प्रगती, हे विमान एका बटणावर सुरू होत नाही. बॅटरी, पंप, दिवे, एकेक खटका यादीप्रमाणे. यादी इंग्रजीत. टॉवरवरचा माझा जोडीदार मुकेश दहावी पास, तो उलट्या बादलीवर बसून वाचायचा, मी ‘चेक’ म्हणायचो. पाठ झाल्यावर मी न बघताच म्हणायला लागलो. एकदा वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर बंदच राहिला, ढगात काटा चुकला, विमान पडलं. मुकेश हसला, म्हणाला, पायलट, डोळे गावाला ठेवून आला काय. प्रगती, तू बघितल्याशिवाय ‘चेक’ बोलू नको.

४. पट्ट्याचा मागचा हूक स्वतःला दिसत नाही, जोडीदाराने बघायचा असतो. चार डिसेंबरला वर असताना मुकेशने यादी वाचतो त्याच आवाजात विचारलं, “हूक?” मी नट आवळत होतो. म्हटलं, “चेक.” मी बघितलं नव्हतं. त्याने अंग मागे टाकलं. हूक लागलेलाच नव्हता, तो वरून पडून गेला.

ठेकेदाराच्या कागदात लिहिलंय, मुकेश वरठा दारू पिऊन चढला. त्याखाली साक्षीदार म्हणून मी आणि संदीप. मी वाचून सही केली. संदीपने न वाचता केली. गावात मुकेशच्या बायकोला, संगिता वहिनीला, लोक तेच ऐकवतात. मुकेश प्यायला नव्हता. मी मेल्यावर हे कलम तिला वाचून दाखवावं.

इथवर लिहून संदीपला सही मागितली. तो पेन उघडून तयारच होता. मी म्हटलं, आधी वाच. त्याने वाचलं. मग म्हणाला, “सुन्या, मेल्यावर कशाला? ती तर आज ऐकून घेतेय ना लोकांचं.”

५. म्हणून कलम ४ माझ्या मरणासाठी थांबणार नाही, आजपासून लागू. फोन लावून वहिनीला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, “प्यायला नव्हता ना?” मी म्हटलं, “नाही वहिनी.” तिने फोन चालूच ठेवला. एक नक्कल संदीप तिला पोचवील, तिने ती वाटेल त्या साहेबाला द्यावी. मी नाही म्हणणार नाही.

ठिकाण: नखत्राणा, जि. कच्छ. ता. १२ जानेवारी २०२५

सही: सुनिल काकड्या धोडी

साक्षीदार
१. संदीप दौडा. सगळं वाचून सही केली.
२. बाळ्या कोम, स्वयंपाकी. अंगठा. दोनदा वाचून घेतलं.