सुईत दोरा ओवणारी बोटं

ता. १२, गुरुवार

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वहिनीची कंबर आता कशी आहे? थोरलीचा चष्मा झाला का? धाकटीचा खोकला गेला का? आणि तुझं पित्त? जेवणाच्या वेळा पाळत नाहीस, मग ते उसळणारच. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. दाजींची तब्येत ठीक, विसर मात्र वाढलाय.

तुझ्या दुकानाच्या जाहिरातीचा व्हिडिओ पाहिला. शेजारच्या मास्तरांनीच कौतुकानं दाखवला. दाजी एका झटक्यात सुईत दोरा ओवतात आणि मागून तू, "बघा, मुळीच्या अर्कानं स्मरणशक्ती परत आली!" अरे, जन्मभर शिवणकाम केलेला माणूस तो. तुझी बाटली घरात यायच्या आधीही ती बोटं दोरा ओवतच होती. सदरा कोणाचा शिवायचाय, ते विचारायचं होतंस.

तू दिलेला शोधनिबंध मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. शाळा लवकर सुटली, वाचन नाही सुटलं. उंदरांवर गुण दिसला म्हणे. माणसं मूठभर, तीही थोडेच आठवडे, आणि अर्क न घेणाऱ्यांशी तुलनाच नाही. एवढ्यावरून काही ठरवू नका, असं शेवटी त्यांनीच लिहिलंय. तिथवर पोचलाच नाहीस का?

भाबडेपणानं केलंस असं म्हणून सोडून दिलं असतं. पण तू आलास तेव्हा दारातच मी सांगितलं होतं, अर्कानं यांना चक्कर आली, पडले, डॉक्टरांनी तो कधीच बंद केलाय. तू म्हणालास, "असू दे गं ताई, दिसतायत तर छान ना?" मी चहा टाकायला आत गेले आणि तू फोन बाहेर काढलास.

आता मास्तरांनी बायकोच्या विसरावरच्या गोळ्या थांबवून तुझा अर्क सुरू केलाय. मी समजावलं, तर म्हणाले, "तुमचा सख्खा भाऊ खोटं बोलेल?" तुला कडेवर खेळवलंय रे मी. तरी मी म्हणाले, "हो, बोलला." त्यांना पटलं नाही. माझ्या तोंडापेक्षा त्यांना तुझा व्हिडिओ खरा वाटतो. म्हणून तो आजच्या आज उतरव, आणि मास्तरांना स्वतः फोन कर.

दाजी तुझी आठवण काढतात. "धाकटा आला का?" असं मलाच विचारतात. परवा त्यापुढं म्हणाले, "आणि बाई, तुम्ही कोण?" ते टिपायला तू नव्हतास.

उत्तर लगेच धाड. मास्तरीणबाई काल शेगडी पेटती ठेवून रस्त्यावर गेल्या होत्या.

अजून तरी तुझीच,
ताई