कोणाला मत दिले, त्याचा जबाब

मी, झेलिग वाइनट्राउब, वय एकोणऐंशी, धंदा सोफ्याच्या गाद्या शिवणे (आता बंद), राहणार स्क्विरल हिल, पिट्सबर्ग, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात डोके शाबूत आहे. मुलीला शंका आहे.

१. राहते घर मुलगी शिफ्रा हिला. तिने ते खुशाल विकावे. "बाबा, मी तिकडेच येऊन राहते" असे फोनवर म्हणणे मात्र आता थांबवावे.

२. बँकेत उरेल ते सिनेगॉगच्या गळक्या छपरासाठी. माझ्या नावाची पाटी नको.

३. शिवणयंत्र, कात्र्या, हातोड्या नोखम पर्लस्टाइनचा मुलगा डोव्ह याला. का, तेही लिहितो.

नोखम आणि मी चाळीस वर्षे सिनेगॉगमध्ये एका बाकावर बसून प्रार्थना केली. राष्ट्राध्यक्षाच्या मागच्या निवडणुकीआधी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बापाने डेमोक्रॅटांना मतं दिली म्हणून तूही मरेपर्यंत तिकडेच का? इस्राएलकडे कोण बघणार, तुझा बाप?"

मी म्हणालो, "आणि तू रे? कुणी गोड बोललं की निघालास रिपब्लिकनांमागे शेपूट हलवत!"

बोलणे तुटले. मतदानाच्या दिवशी मी आडोशाला बराच वेळ उभा होतो. हात कोणत्याच नावावर जाईना. राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा सोडून बाहेर आलो. बायकोला, रेझललाही, सांगितले नाही.

पुढच्याच आठवड्यात रेझल गेली. तिच्यासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसामागची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. घरात आम्ही नऊ. इतक्यात नोखम पायरीवर आला, टोपीवरून पाणी निथळत होते.

"झेलिग, आत घे रे. मत बाहेर ठेवून आलोय."

"दहा झालेत," मी म्हणालो, आणि दार लावले.

त्या संध्याकाळी कद्दीश झाली नाही.

यंदा मार्चमध्ये नोखम वारला. मी त्याच्या घरी गेलो. माझ्यावाचूनच दहा भरले होते. निघताना डोव्ह जिन्यापर्यंत आला. "काका, बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, झेलिगने मत कुणाला दिलं ते विचारायचं राहिलं. कुणाला दिलंत?"

कोट घालून चालत घरी आलो.

डोव्ह, कोणालाच नाही.

वरील मजकूर माझाच, सही माझीच.
झेलिग वाइनट्राउब
पिट्सबर्ग, ९ सप्टेंबर २०२५

साक्षीदार (सहीपुरते बोलावलेले):
लॉरेट्टा बँक्स, घरी येणारी नर्स
थिओ कोवाल्स्की, पोस्टमन