मी तपासणी अधिकारी नसल्याच्या दाखल्याबाबत

दि. २८ जुलै २०२५

प्रति,
मा. अधीक्षक,
ग्रामीण हायस्कूल प्रवेश कक्ष, गंगापार विभाग,
वाराणसी.

विषय : मी तपासणी अधिकारी नाही असा दाखला मिळण्याबाबत, व त्याअभावी अडलेल्या माझ्या मुलीच्या, कु. बकुळच्या, नववीच्या प्रवेशाबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन हिंदी अर्ज आणि त्यांवर आपल्या कक्षाकडून मला आलेले पत्र.

महोदय,

आपण मूळचे अकोल्याकडचे, असे आपल्या दारावरच्या शिपायाने सांगितले. हिंदीतून दोनदा लिहून जे पोचले नाही ते मराठीतून पोचेल, या आशेने हा तिसरा अर्ज करीत आहे. आमच्या घरी चार पिढ्या मराठी फक्त बोलण्यात आहे. लिहिताना मध्येच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.

१. माझे यजमान बँकेत आहेत. जूनमध्ये त्यांची बदली बरईडीहच्या शाखेत झाली आणि आम्ही दुर्गाघाटावरचे बिऱ्हाड हलवून इकडे आलो. येथून सायकलच्या अंतरावर तीन सरकारी हायस्कूल आहेत : बरईडीह, हिरनपुरवा आणि चिलबिला खुर्द. त्यांतले बरे कोणते, असे गावात विचारले तर ज्याची मुले जिथे जातात ते सोडून उरलेली दोन तो चांगली सांगतो. तेव्हा तिन्ही स्वतः पाहून तुलना करायचे मी ठरवले आणि वहीत एकवीस मुद्द्यांचा तक्ता आखला.

२. येथून पुढे जे घडले त्यात माझा दोष आहे, तो कबूल करते. निळे पेन संपले होते म्हणून मी लाल पेन नेले. बरईडीहच्या शाळेत पाऊल टाकताच, आधी मुलींचे स्वच्छतागृह दाखवा, असे म्हटले. मुलगी वयात आली आहे, कोणतीही आई हेच विचारील. परंतु तेथे आजवर कोणा आईने विचारले नव्हते म्हणे, फक्त तपासणीवाले विचारतात. त्यात मी बकुळशी मराठीत बोलले. मुख्याध्यापक श्री. दिनानाथजींनी ही वरची, थेट राजधानीतली भाषा असावी असे ताडले आणि पाठीवर टॉवेल टाकलेली खुर्ची माझ्यापुढे केली. पाय दुखत होते, मी बसले. बसायला नको होते.

३. मी साधी पालक आहे, असे त्यांना हात जोडून सांगितले. ते म्हणाले, "जी मैडम, सब यही कहते हैं। पिछले वाले तो भैंस खरीदने आए थे।"

४. दुसऱ्या दिवशी हिरनपुरव्याला गेले. तेथे प्रयोगशाळा लखलखत होती, कोपऱ्यात हाडांचा सापळा उभा होता आणि गणिताचे सर पायथागोरसचा सिद्धान्त इतका सुंदर शिकवत होते की मीही दाराशी उभी राहून ऐकला. तक्त्यात एकवीसपैकी वीस गुण दिले. तिसऱ्या दिवशी चिलबिला खुर्द. तेथेही सापळा होता, डाव्या हाताची करंगळी नसलेला. हिरनपुरव्याच्या सापळ्यालाही ती नव्हती. मी प्रयोगशाळेच्या सेवकाला विचारले, तर म्हणाला, "मैडम, हड्डी तो सबकी एक-सी होती है।" तेवढ्यात बकुळने वर्गात डोकावून "नमस्ते सर" म्हटले. फळ्यापाशी तेच गणिताचे सर होते. ते बिचारे ओशाळून म्हणाले, "बिटिया, कल का जो छूट गया था, यहीं पूरा कर देते हैं।" मागच्या फाटकाशी टेंपो उभा होता.

५. सबब माझा तक्ता निकामी झाला आहे. मी ज्या शाळेत उभी असते ती जिल्ह्यात उत्तम, आणि मी पाठ फिरवली की तिची प्रयोगशाळा दुसऱ्या गावी निघते.

६. अखेर कोणत्याही एका शाळेत नाव घालावे म्हणून गेले, तर कोणी घेईना. "आपकी बेटी? रोज़ की जाँच कौन झेलेगा, मैडम?" असे दिनानाथजी स्पष्टच बोलले. तिन्ही मुख्याध्यापकांनी शेजारच्या शाळेची शिफारस करणारी पत्रे मात्र तत्परतेने दिली. ती सोबत जोडली आहेत.

७. म्हणून आपल्या कक्षाकडे, मी कोणीही अधिकारी नाही, असा दाखला मागितला. अकराव्या दिवशी पत्र आले. त्यात माझाच अर्ज "महिला तपासणी अधिकारी, मु. बरईडीह" यांच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, चौकशी करून सात दिवसांत अहवाल पाठवण्यासाठी धाडलेला आहे. सासूबाईंनी ते पत्र देवापुढे ठेवून गल्लीत पेढे वाटले. मी नाइलाजाने चौकशी केली. अर्जदार महिला प्रामाणिक व काळजीखोर आढळली, पद कोणतेही आढळले नाही. अहवाल सोबत आहे.

८. प्रवेशाची मुदत ३१ जुलैला संपते. बकुळ महिनाभर घरी आहे. नववीचे पुस्तक ती एकटीच वाचते आणि अडले की माझ्या तोंडाकडे पाहते. माझे गणित आठवीपर्यंतच चालते.

९. हा अर्ज येथेच संपवणार होते. परंतु आज सकाळी तिन्ही गावांतल्या मिळून दहा-बारा बाया दारात आल्या. दाखल्याची बातमी त्यांच्या कानी गेली होती. त्यांतल्या एकीने, बिंदूच्या आईने, माझा हातच धरला. "बहिनजी, ई कागज मत बनवाइए। आप जिस दिन आती हैं, लड़कियों वाले सौचालय का ताला खुलता है।" दुसरी म्हणाली, तिच्या मुलीने त्या एका दिवसात भूमिती शिकून घेतली. त्यांनी आपसांत वारही लावून आणले आहेत : सोमवारी बरईडीह, बुधवारी हिरनपुरवा, शुक्रवारी चिलबिला.

१०. तरी मूळ मागणीत पुढीलप्रमाणे बदल करण्याची विनंती आहे. बकुळचा प्रवेश आपल्या सहीच्या आदेशाने करून द्यावा. शाळा तिन्हींपैकी कोणतीही चालेल. दाखलाही अवश्य तयार करावा, कारण खोटेपणा माझ्या अंगावर नको. मात्र तो आपल्या कपाटात कुलुपात ठेवावा आणि बकुळ दहावी होईपर्यंत कोणालाही दाखवू नये. आज सोमवार असल्याने मी लाल पेन घेऊन निघते आहे.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
सौ. हिमानी श्रीनिवास पाटणकर
पालक

सोबत : १) तुलनेचा तक्ता (रद्द). २) मुख्याध्यापकांची शिफारसपत्रे, तीन. ३) माझ्याविषयी मी केलेल्या चौकशीचा अहवाल. ४) कु. बकुळचे आठवीचे गुणपत्रक.