क्रेसेन्झच्या वाटणीचा बर्फ

मी, सेवेरिन हुटर, वय एकाहत्तर, राहणार हिंटरमोस, टिरोल, धंदा डोंगरावर यंत्राने बर्फ पाडणे (आता निवृत्त), असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाताळ दिसेलच असे नाही, म्हणून हातात पेन धरवते आहे तोवर हे उरकतो. कोणी दडपण आणलेले नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, ती गेली.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे बायकोला, क्रेसेन्झला, दिले होते.

१. घर, गोठा, मागचे कुरण आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी ओटिली हिला. आधी छप्पर दुरुस्त करावे. पुढे घर विकले तरी माझी ना नाही, पण स्वयंपाकघरातले निळे पडदे टाकून देऊ नयेत. ते तिच्या आईने शिवले आहेत.

२. पान्हे, पाण्याच्या नळ्या आणि बर्फ फवारणारी जुनी तोफ, जी मी डोंगरावर पाळणे चालवणाऱ्या लिफ्ट कंपनीच्या भंगारातून उचलली, ती शेजारी रूपर्ट याला. तोफ चालवताना कानात बोळे घालावेत. मी घातले नाहीत. त्यामुळे क्रेसेन्झला जन्मभर माझ्याशी ओरडून बोलावे लागले आणि गावाला वाटले आमचे पटत नाही. आमचे फार चांगले पटत होते, हे या कागदाने जाहीर करतो.

३. आजोबांनी केलेली मोठी घसरगाडी. पूर्वी आमच्याकडे हिवाळ्यात माणूस गेले की वाट मोकळी होईपर्यंत त्याला छपराच्या उत्तर बाजूला बर्फात ठेवत, मग या घसरगाडीवरून खाली चर्चपर्यंत नेत. उतारावर मागून दोर धरून पुरुष मंडळी ती आवरत. माझी आई अशीच गेली, क्रेसेन्झचीही. क्रेसेन्झ मला नेहमी बजावायची, "मलाही घसरगाडीवरूनच न्यायचं. मोटारीत घातलंस तर बघ. मला गाडी लागते."

ती गेली त्या जानेवारीत अंगणात गवत हिरवे होते. हवा चांगली गारठल्याशिवाय तोफेतून नुसते पाणी पडते, हे मला कोणी शिकवायला नको. सगळे आयुष्य स्की खेळायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बर्फ पाडला आणि घरच्या माणसासाठी घरापासून चर्चपर्यंतची वाट पांढरी करता आली नाही. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

४. माझा मावसभाऊ कास्पर ग्रुंड, लिफ्ट कंपनीचा संचालक, याला एक वाक्य. आदल्या हिवाळ्यातला बर्फ कंपनीने लाकडाच्या भुशाखाली झाकून, उन्हाळाभर सांभाळून ठेवला होता. मी त्याच्या दारात जाऊन म्हटले, "कास्पर, तीन ट्रक दे. तेवढ्यात वाट होईल."

"सेवेरिन, तो स्कीच्या शर्यतीसाठी आहे. पाहुणे येऊन बसलेत. शर्यत बुडाली तर गावाच्या चुली कशावर पेटायच्या?"

"तीही याच गावची होती."

"कळतं रे मला. पण गेलेल्या माणसाला गाडी काय नि घसरगाडी काय."

चुलींचे म्हणणे खरे होते, ते मी मान्य करतो. शेवटचे वाक्य मात्र मी त्याला परत देत आहे. मला ते ठेवायचे नाही.

क्रेसेन्झ मोटारीतून गेली. वळणे आली तसे माझ्या तोंडून निघून गेले, "जरा सावकाश हो, तिला गाडी लागते."

ओटिली म्हणाली, "बाबा, आता काय लागणार तिला." आणि मग तीच रडायला लागली.

५. गोठ्यामागचा ढीग. ती गेल्यानंतर, गेल्या हिवाळ्यात थंडीची जी थोडी लाट आली, तिच्यात मी त्या भंगार तोफेने, घरच्या हौदाच्या पाण्यावर तो पाडला आणि वर हातभर भुसा घातला. उन्हाळ्याने बराच खाल्ला, तरी गोठ्याच्या खिडकीपर्यंत उभा आहे. गावात म्हणतात, "म्हाताऱ्याने स्वतःच्या शेवटच्या वाटेची सोय केली." खरे आहे, त्यासाठीच केला होता. कास्परने दोनदा निरोप पाठवला की नवशिक्यांचा उतार उघडा पडणार आहे, ढीग द्यावा. देऊ नये.

परंतु उन्हाळाभर त्या ढिगाशेजारी बसून माझा विचार बदलला. मलाही मोटारीतूनच न्यावे. तिला जे मिळाले नाही त्याच्यावर मी आरामात बसून जावे, हे मला जमणार नाही. घसरगाडी गोठ्यात राहू द्यावी. तिच्यावर कोंबड्या बसतात, त्यांना बसू द्यावे.

६. ओटिली, आता हे तुलाच सांगतो. दर जानेवारीत आईच्या तिथीला भुसा बाजूला कर, एक ढकलगाडी भरून घे आणि चर्चमागे तिच्या कबरीवर पसर. माझ्या बाजूला घालू नकोस. अंगावर बर्फ पडला की ती लहान मुलीसारखी हसायची, तुला आठवत असेल. ढीग परत नीट झाक. दर उन्हाळ्यात तो कमी होईल, त्याला तुझा इलाज नाही आणि माझाही नव्हता. आभाळातून पडेल तेव्हा पडेल, त्याची वाट बघत बसू नकोस. ज्या वर्षी भुसा बाजूला केल्यावर खाली ओली माती लागेल, त्या वर्षी माझे हे मृत्युपत्र पुरे झाले असे समज, आणि घराला कुलूप लाव.

सर्व कलमे मी स्वतःच्या हाताने लिहिली, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

सेवेरिन हुटर
हिंटरमोस, १४ सप्टेंबर २०२४

साक्षीदार:
१. नोटबुर्गा आइग्नर, चर्चची देखभाल करणारी
२. लेओपोल्ड श्टोकर, टपालवाला
३. कास्पर ग्रुंड, मावसभाऊ (कलम चार ऐकावे म्हणून मुद्दाम बोलावला. ऐकले. टोपी हातात घेऊन सही केली.)